आग्नेय कोपऱ्यातला डबा

दादा, तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि तुझ्या किचनमध्ये पाणी वर आलं. आधी भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी फुगली, मग टाइल्सच्या फटीतून ओल दिसायला लागली, मग एके सकाळी चहा करताना वहिनीचे मोजे भिजले. एवढं मोठं घर आहे तुझं, पण पाणी आलं कुठे? आग्नेय कोपऱ्यातच. बॉयलरच्या खाली, जिथे आपण तो डबा पुरला होता तिथेच.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ट्राममध्ये होते. "मंजू, प्लंबर म्हणतोय स्लॅबखालचा पाइप गळतोय. फोडावं लागेल. शनिवारी येतोय." मग म्हणाली, "तिथे ते आहे ना गं." मी म्हटलं, "हो." "पालथंच आहे ना? तू ठेवलं होतंस ना?" गर्दी आहे, नंतर बोलते असं म्हणून मी फोन ठेवला. मँचेस्टरचा माझा स्टॉप मागे गेला तरी मी उतरले नाही.

तुझ्याबद्दल सगळे फार छान लिहितायत. तुमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज एक फोटो येतो, खाली हात जोडलेले. तू किती मदत करायचास, कोणाकोणाला स्टेशनवर घ्यायला जायचास, कोणाची शेल्फं ठोकून दिलीस. सगळं खरं आहे. पण मी तुझी बहीण आहे, मला तुझ्याशी बोलायचंय ते भांडणाबद्दलच. अर्धवट राहिलंय ते. आणि मी तुला एक खोटं सांगितलंय.

मी काय काम करते हे तू लोकांना सांगायचास, "आमची मंजी मढ्यांच्या भांड्यांना नंबर घालते." मढी नाहीत रे, किती वेळा सांगितलं! जुन्या वस्तूंच्या एका संग्रहाचं स्टोअर मी सांभाळते, आणि त्यात माझ्या वाट्याला आल्यात त्या देवळांखालच्या वस्तू. इजिप्तमध्ये देऊळ बांधायला घेतलं की पायाच्या कोपऱ्यांत खड्डे खणायचे, स्वच्छ वाळू घालायचे आणि त्यात बारक्या बारक्या वस्तू ठेवायचे. बोटाएवढी छिन्नी, खेळण्यातली वाटावी अशी कुदळ, इवलीशी वीट, मणी, राजाचं नाव असलेली निळी पाटी, कधी वासराचं डोकं आणि एक पाय. मग खड्डा बुजवायचा आणि वर भिंत उभी करायची. ते पुन्हा कोणी बघायचंच नाही.

तू एकदाच आलास स्टोअरमध्ये, घर घेतलंस त्याच्या आधी. मी तुला हातमोजे घालायला लावले आणि ट्रे बाहेर काढला. तुला वाटलं होतं सोनंबिनं असेल. तू त्या छिन्नीकडे आणि विटेकडे बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "हे वर कोणी काढलं?"

"शंभरेक वर्षांपूर्वीच्या साहेब लोकांनी."

"आणि देवळाचं काय झालं?"

"देऊळ आधीच पडलं होतं, दादा."

"नक्की आधीच?"

टेस्टर ना तू! सॉफ्टवेअरमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यास, 'असेल' हा शब्दच तुला चालायचा नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे दोनच शेरे, पास आणि फेल. वहिनीची आमटी पास, माझं ड्रायव्हिंग फेल. माझ्या नवऱ्याला तू पहिल्या चहालाच फेल केलंस, आणि चार वर्षांनी तू बरोबर ठरलास तेव्हा मात्र मूग गिळून गप्प बसलास. त्या दिवशी ट्रे आत ढकलताना तू हळूच म्हणालास, "आपल्यासारखीच घाबरट होती गं ही माणसं." मी हसले. माझ्या वस्तूंना कोणी घाबरट म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या ट्रेमुळेच तू वास्तुशांत केलीस, हे वहिनीला माहीत नाही. तोवर तू कुठला रे सोवळ्याओवळ्याचा! गणपतीच्या आरतीलासुद्धा उशिरा यायचास. पण मिल्टन कीन्सचं घर घेतलंस आणि आठवड्याभरात मला फोन, "मंजे, आपल्यातही पुरतात की. वास्तुपुरुष. आग्नेय कोपऱ्यात. तुझ्या त्या इजिप्तवाल्यांसारखंच. आणि पॅकिंग तू करायचंस, घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जायचं?" किती फुगले होते मी. आता आठवलं की स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते.

खरं तर साध्या मडक्यात ठेवतात ते. पण आम्ही स्टोअरमध्ये वापरतो तसला पांढरा प्लास्टिकचा डबा मी आणला, आत फोम बसवला, आणि त्या बोटभर तांब्याच्या वास्तुपुरुषाच्या मापाची खोबण कापली. झाकणाला दोऱ्याने लेबल बांधलं. त्यावर आमच्या पद्धतीप्रमाणे वस्तूचं नाव, माझी सही आणि एक बाण, 'ही बाजू वर'. तू डबा हातात घेऊन म्हणालास, "एक नंबर! पास." वास्तुशांतीच्या दिवशी किचनची फरशी उघडीच होती, पाइप हलवण्यासाठी फिटरने कोपऱ्यात चौकोन कापून ठेवला होता. त्यातच पुरायचं असं ठरलं होतं. स्मोक अलार्मला वहिनीने शॉवर कॅप घातली होती. गुरुजी आठवडाभर क्रॉयडनच्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळायचे आणि शनिवार-रविवार पूजा सांगायचे. ते तुमच्या त्या एकसारख्या राउंडअबाउटांवर चुकून पाऊण तास गोल गोल फिरत राहिले, आणि पोहोचले तेव्हा मुहूर्त संपत आला होता. घरभर होमाचा धूर, सगळे खोकतायत, आणि गुरुजी माझ्याकडे बघत म्हणतायत, "चला चला, ठेवा आत. पालथा हं, चेहरा खाली." शेवाळ आलं, सप्तधान्य आलं, दहीभाताचा घास आला. फोम बघून गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि तसंच सगळं त्यावर पसरलं. मी झाकण लावलं. डबा तुझ्या हातात दिला, तू तो खड्ड्यात ठेवलास आणि वर सिमेंट ओतलंस. बटाटेवडे गरम होते, आपण जेवायला बसलो.

वास्तुपुरुष पालथा पुरायचा असतो. आमच्या कामात वस्तू नेहमी चेहरा वर करून ठेवायची असते. माझ्या हातांना वीस वर्षं तीच सवय आहे. मी त्या क्षणी काय केलं, गुरुजींचं ऐकलं की हातांचं, ते मला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं, आताही नाही. तुला वाटलं मी आत पालथा ठेवलाय. मला वाटलं असेल तू डबाच उलटा ठेवशील. गुरुजींना वाटलं तज्ज्ञ बाई आहेत, ठेवला असेल नीट.

दोन वर्षं काही नाही. मग तुझी नोकरी गेली. दुसरी मिळाली, तीही सहा महिन्यांत गेली. वहिनी जिन्यावरून पडून तिचा हात मोडला. आणि मग तुझा तो फोन आला, अगदी शांत आवाजात. "मंजे, एक विचारू? चिडू नकोस. कसं ठेवलं होतंस गं ते? पालथं की उताणं?"

मी हसले रे. "काहीतरीच काय!" म्हणाले. तू हसला नाहीस. तू वास्तुशांतीचं व्हिडिओ शूटिंग सतरा वेळा बघितलं होतंस, आणि ऐन क्षणी कॅमेऱ्यासमोर शेजारच्या काकूंची भलीमोठी पाठ. मग दर पंधरा दिवसांनी तुझा तोच प्रश्न. आधी तू तो विनोद करून विचारायचास, मग विनोद संपला. मी म्हणायचे, "अरे, इंजिनिअर आहेस की कोण आहेस?" तू म्हणायचास, "मी कुठे म्हणतो त्याने काही होतं? मला फक्त माहीत हवंय." मी विषय बदलायचे. आठवत नाही एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण कसं म्हणणार? घरातली तज्ज्ञ ना मी.

आणि गंमत ऐक. त्या देवळांच्या वस्तूंबरोबर आमच्याकडे जुनी कार्डं आहेत. त्यावर लिहिलेलं असतं, आग्नेय कोपरा, अमुक खोली, अमुक वस्तू. पाटीची लिहिलेली बाजू वर होती की खाली, कुदळीचं टोक कुठे होतं, काही म्हणून लिहिलेलं नाही. त्या साहेबांना मी वीस वर्षं शिव्या घालतेय. मीटिंगमध्ये घालते, नवीन लोकांना शिकवताना घालते. एकदा उचललं की संपलं, कसं होतं ते पुन्हा कळत नाही, म्हणून आधी लिहा, आधी फोटो काढा! आणि माझ्या सख्ख्या भावाच्या घरी मी ना लिहिलं, ना फोटो काढला. बटाटेवडे खाल्ले.

गेल्याच्या गेल्या दिवाळीला मी आले तर तू छिन्नी-हातोडा आणून ठेवला होतास. फराळाच्या ताटांच्या शेजारी. म्हणालास, "तू आहेस, तोवर उघडून बघू. मग विषयच संपला." उघडलं असतं तर कळलं असतं. माझा हात कळला असता. तेवढ्यासाठी मी तुझ्यावर ओरडले. वहिनीसमोर, तुझ्या लेकीसमोर, ईशासमोर. "डोंबलाचा वास्तुपुरुष! एवढा शिकलेला माणूस आणि तांब्याच्या बाहुलीला घाबरतोस! असाच कुढत बस, असाच कुढत मरशील एक दिवस!"

वहिनीच्या हातातून चमचा पडला. "मंजू! अगं, वास्तू तथास्तु म्हणते!"

तू छिन्नी उचललीस आणि शेडमध्ये ठेवून आलास. मी दुपारचीच ट्रेन पकडली आणि पुढे वर्षभर त्या घरात पाऊल ठेवलं नाही. तूही फोन केला नाहीस. तुझे रिपोर्ट आले ते मला ईशाकडून कळलं.

मग सगळे शनिवार हॉस्पिटलमध्ये. तिथे आपण छान होतो ना रे? तू नर्सना पास-फेल करायचास, जेलीला रोज फेल. दिवाळीचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. दर वेळी वाटायचं, आज म्हणू, दादा, मी जे बोलले ते माझ्या तोंडातून निघायला नको होतं. मग तुला झोप लागायची, नाहीतर कोणीतरी भेटायला यायचं, नाहीतर मीच उठून पाणी आणायला जायचे. दोन वेळा भरलेला जग तिसऱ्यांदा भरून आणलाय मी.

शेवटच्या शनिवारी वहिनी खाली कॉफी आणायला गेली होती. तू डोळे उघडलेस आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणालास, "मंजे, शेवटचं विचारतो. कसं ठेवलं होतंस?"

मी तुझा हात धरला. "पालथं, दादा. मी माझ्या हाताने ठेवलं. मला आठवतंय."

"नक्की?"

"नक्की."

तू माझ्याकडे बघत राहिलास. किती वेळ बघितलंस कोण जाणे. मला वाटलं आता पकडणार हा, टेस्टर आहे, तो माझा चेहरा लहानपणापासून वाचतोय. मग तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "मग पास."

तेव्हा वाटलं, चला, माणूस शांत झाला. खोटं तर खोटं. पण तू गेल्यावर तेच खोटं माझ्या उरावर बसलं. आणि आता शनिवारी टोनी नावाचा प्लंबर ते फोडणार, आणि तो डबा उघडला की वहिनीला कळणार. उताणा निघाला तर तिच्या मनात काय येईल ते मला दिसत होतं. घरावर आलेलं सगळं मंजूच्या हातून आलं, वर ती तोंडाने मर म्हणाली, आणि मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलली. मी तिला तर्काने काय सांगणार होते? माझ्याच मनात तेच येत होतं.

शनिवारी सकाळच्या ट्रेनने आले. ईशा क्रॉयडनहून आली होती, तिने स्टेशनवर घेतलं. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि तिच्या त्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणाली,

"आत्या, एक विचारते. हॉस्पिटलमध्ये तू बाबाला जे सांगितली, ते खरी होती?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"बाबा. त्या दिवशी संध्याकाळी. म्हणाला, आत्याने सांगितलं पालथं आहे." तिने स्टिअरिंगवरून हात काढले. "आत्या, तुला खरंच आठवते का?"

पंचवीस वर्षांची पोर. नाक तुझं, भुवया तुझ्या. मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "आईला सांग. ती बॉक्स उघडायच्या आधी सांग. नंतर सांगू नको." आणि गाडी सुरू केली.

किचन रिकामं केलं होतं. टोनी गुडघ्यांना पॅड बांधून तयार होता, भला माणूस, दर वाक्याला "लव्ह" म्हणणारा. मी त्याला सांगितलं की खाली आमच्या पूजेची एक वस्तू आहे, कडेकडेने फोड आणि डबा दिसला की थांब, उचलणार मी. तो म्हणाला, "युवर फ्लोअर, लव्ह." वहिनीने कोपऱ्यासमोर उदबत्ती लावली होती. तुझा फोटो हॉलमध्ये आहे, पण किचनच्या दारातून सरळ दिसतो. तिने तसाच ठेवलाय.

टोनीने पहिली टाइल उचकटली. मी म्हटलं, "वहिनी, मला आठवत नाही."

"काय?"

"मी ते कसं ठेवलं होतं. मला कधीच आठवत नव्हतं. दादाला मी खोटं सांगितलं. उताणंच असेल बहुतेक, माझ्या हाताला तीच सवय आहे. आणि दिवाळीला मी ओरडले तेही त्यासाठीच, उघडलं असतं तर सापडले असते म्हणून." एका दमात बोलून टाकलं, त्या ठोकाठोकीत. मी रडत होते का ते मला माहीत नाही.

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्यांना तरी खरं सांगायचंस गं. ते किती वर्षं विचारत होते." एवढंच. आणि पदरानं उदबत्तीची राख पुसत बसली. राख नव्हतीच तिथे.

टोनीने सिमेंटला छिन्नी लावली आणि दोन ठोक्यांत थांबला. बोटाने काहीतरी चाचपलं, टॉर्च मारला. "समवन्स बीन हिअर बिफोर मी," तो म्हणाला.

मी म्हटलं, पुरलं तेव्हा ते आम्हीच ओतलं होतं. तो म्हणाला, तसं नाही, ये बघ. मी गुडघ्यांवर बसले. जुन्या करड्या सिमेंटच्या आत अगदी नीट कापलेला एक लहान चौकोन होता, कडा सरळ, आणि त्याच्या आतलं सिमेंट वेगळ्या रंगाचं, जरा पांढरट. एकदा पुरलेलं नंतर कोणी उघडलं की असंच दिसतं, माती असो की सिमेंट. मी हे दुसऱ्यांना शिकवते, दादा. मला टोनीच्या आधी कळायला हवं होतं.

वहिनी मागून म्हणाली, "अगंबाई." मग हळू हळू, आठवत आठवत म्हणाली, "ईशाच्या फ्लॅटचं सामान लावायला मी आणि ही क्रॉयडनला गेलो होतो ना आठवडाभर, हे एकटेच घरी होते. दिवाळीनंतर. आले तर घरात सिमेंटचा वास. म्हणाले टाइल हलत होती, बसवली."

टोनीने तो चौकोन काढला. डबा तिथेच होता, पांढरा, जरा पिवळा पडलेला, आणि उलटा नव्हता. लेबल वर, माझा बाण वर. ईशाने डब्याला खालून हात लावला. मी झाकण काढलं. शेवाळाची भुकटी झाली होती, धान्य काळं पडलं होतं. आणि खोबणीत वास्तुपुरुष होता. पालथा. पाठ वर, चेहरा फोममध्ये. खोबण मी चेहरा वर यावा अशी कापली होती, त्यामुळे तो नीट बसत नव्हता, नाकापाशी अडत होता. म्हणून तिथला फोम कोणीतरी किचनच्या सुरीने थोडा खरवडला होता. वेडावाकडा. माझ्या हाताने असा फोम कधी कापला जाणार नाही.

लेबलाच्या मागे तुझं अक्षर होतं. पेन्सिलने, आमच्याकडे लिहितात तसं, मीच तुला सांगितलं होतं की शाई चालत नाही.

'उताणं होतं. फेल. पालथं केलं. पास. मंजीला सांगू नये.'

दादा, मग तू हॉस्पिटलमध्ये विचारलंस कशाला? तुला माहीत होतं ना! तू स्वतः उघडून बघितलं होतंस, स्वतः फिरवलं होतंस. त्यानंतर तू आजारी पडलास, म्हणजे त्या बाहुलीचा काही संबंध नव्हता हेही तुझ्याइतकं कोणालाच कळलं नसेल. तरी विचारलंस. मी खोटं बोलते का ते बघत होतास? की मला खरं बोलायची शेवटची एक संधी देत होतास? आणि मी खोटं बोलले तरी पास? कसले रे तुझे नियम! मला तुझा इतका राग आला की मी तिथेच फरशीवर बसून मोठ्याने म्हटलं, "गाढवा!" टोनी दचकला. आणि वहिनी हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता माझ्या गळ्यात पडून रडली.

ईशाने लेबल दोनदा वाचलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. मग म्हणाली, "बाबाने संध्याकाळी मला सांगितला तेव्हा तो हसत होता. मला वाटली औषधाने."

पाइप दुरुस्त व्हायला दुपार झाली. वहिनीने टोनीला पोहे दिले, त्याने दोनदा घेतले. नवीन शेवाळ बागेच्या भिंतीवर मिळालं, धान्य घरात होतं. दहीभात वहिनीने कालवला. ईशाने विचारलं, गुरुजी नकोत? वहिनी म्हणाली, "नकोत. ह्यांनीच ठेवलंय ते नीट."

या वेळी मी सगळं आमच्या पद्धतीने केलं. खड्ड्याचा फोटो, डब्याचा फोटो, पट्टी शेजारी ठेवून. झाकण लावायच्या आधी दोघींना जवळ बोलावलं. "बघा. पालथा. दोघींनी बघितलं ना?" वहिनी म्हणाली, "बघितलं." ईशा म्हणाली, "बघितली." तू खरवडलेल्या फोमला मी हात लावला नाही. माझ्या हातून तो नीट कापून झाला असता, पण नाही लावला.

मग पेन्सिल घेतली. लेबलावर तुझ्या ओळीखाली बोटभर जागा उरली होती. वहिनीने मान वळवून वाचायचा प्रयत्न केला, पण मी हात आडवा धरला. तिथे मी लिहिलं, 'मला आठवत नव्हतं, दादा. चुकलं माझं. दिवाळीलाही.' सही केली आणि डबा कोपऱ्यात ठेवला, बाण वर.

टोनीने बादलीतलं सिमेंट ढवळलं आणि विचारलं, "ऑल डन, लव्ह?"

मी म्हटलं, हो. आणि त्याने ते ओतलं.